अर्ध्या तासाचा कर्फ्यू

"जंतू घाबरतात का हो, बाई?"

प्रश्न विचारून शकू उभी राहिली ती उभीच राहिली. शाळेच्या सभागृहात असा काही हशा उसळला की खिडकीच्या गजावरची कबुतरं उडाली. मागच्या बाकावर यशोदा आणि मालन एकमेकींच्या पाठीत तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. आरोग्य सप्ताहात परळच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई व्याख्यानाला येणार असं कळल्यापासून दोघी शकूच्या मागे लागल्या होत्या. "हिंमत असेल तर विचार. जंतू घाबरतात का! विचारलंस तर फाटकाबाहेरच्या कैरीच्या फोडी, तिखटमीठ लावून, पोटभर."

गेल्या वर्षीची शकू असती तर या पैजेच्या वाटेलाही गेली नसती. तेव्हा ती हजेरीला 'हजर'सुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणायची. यंदा काय झालं कोण जाणे. उंची वाढली, दोन वेण्यांची एक झाली आणि आवाजाला जणू दारच फुटलं. आता ती रस्त्यातल्या भाजीवाल्याशीसुद्धा खणखणीत हुज्जत घालायची आणि घरी येऊन त्या हुज्जतीचं सोंग करून दाखवायची.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून असं पाहिलं की हशा जागच्या जागी थिजला. "शकुंतला विजयकर, खाली बस!"

"नाही नाही, बसू नकोस," व्यासपीठावरून आवाज आला. डॉक्टर मृणालिनी वागळे. बारकुड्या, पांढऱ्या खादीच्या साडीतल्या, आणि चेहऱ्यावर हसू असलंच तर फक्त डोळ्यांत. "आतापर्यंत मला सगळ्यांनी विचारलं, हात किती वेळा धुवायचे. हा पहिला खरा प्रश्न. ऐक, जंतूंना मन नाही, तेव्हा घाबरत नसावेत. पण संकट आलं की घाबरलेल्या माणसापेक्षा शहाणपणानं वागतात. कसे, ते तोंडानं सांगून नाही कळायचं. शनिवारी येतेस परळला?"

शकूनं मान वळवून मागे पाहिलं. यशोदाचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"येते!" शकू म्हणाली. आणि खाली बसताना कुजबुजली, "फोडी दुप्पट."

घरी परवानगी मिळायला वेळ लागला नाही. ठाकूरद्वारच्या त्या वाडीत विजयकरांचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. अप्पा, म्हणजे शकूचे वडील चिंतामणी विजयकर, एका सॉलिसिटरांच्या कचेरीत कारकून. माणूस इतका मऊ की ट्राममध्ये कुणी पायावर पाय दिला तर तेच 'माफ करा' म्हणायचे. पण डॉक्टर, औषध, प्रयोगशाळा हे शब्द निघाले की अप्पांचा कणा ताठ व्हायचा. कारण वाडीत त्यांना सगळे 'मलमवाले अप्पा' म्हणत.

त्यांच्या कपाटात पेनिसिलिनच्या मलमाची ट्यूब कायम असे. ओळखीच्या दवाखान्यातून ते आणत, स्वतःच्या खिशातून. रोज संध्याकाळी कचेरीतून आले, चहा झाला की अप्पा गॅलरीत खुर्ची टाकून बसत. ज्याला गळू, ज्याला केसतूड, ज्याच्या गुडघ्याला खरचटलेलं, तो येऊन उभा राही. अप्पा साबणानं हात धुऊन आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळत, ट्यूब अगदी हलक्या हातानं दाबत आणि मुगाच्या दाण्याएवढं मलम काढत. मुगाच्या दाण्याहून जास्त नाही. "एका ट्यूबमध्ये सबंध वाडी झाली पाहिजे," ते म्हणत. गळू जरा बसलं की मलम बंद. उगीच वाया कशाला?

यंदा मार्चमध्येच उकाडा सुरू झाला होता आणि गळवांचाही. शकूच्या स्वतःच्या कोपराला एक होतं. येत होतं, बसत होतं, पुन्हा येत होतं.

"डॉक्टरीणबाईंना सांग हो आपल्या मलमाबद्दल," शनिवारी निघताना अप्पा म्हणाले आणि लाजून पुढे पुटपुटले, "विषय निघाला तर."

"निघेल नाहीतर मी काढेन!" शकूनं जिना उतरता उतरता ओरडून सांगितलं.

आईची अट एकच होती, यशोदाला बरोबर न्यायचं. दोघी बोरीबंदरहून दादरची ट्राम धरून परळला उतरल्या. प्रयोगशाळेत शिरल्याबरोबर यशोदानं नाक दाबलं. उकडलेल्या मांसासारखा, औषधासारखा, दमट कोंदट वास. शकूला मात्र तो आवडला. इथे काहीतरी चाललंय, असं सांगणारा वास होता तो.

मृणालिनीबाईंनी झाकणाची काचेची बशी पुढे केली. आत पिवळसर, थरथरणारा थर.

"अय्या, हे तर चायना ग्रास! आई पुडिंग करते त्याचं."

"त्याचाच भाऊबंद. यावर जंतू जेवतात." बाईंनी दुसरी बशी उघडली. त्यावर सोनेरी ठिपके उगवले होते, बारीक मोहरी पेरल्यासारखे. "हे गळवातले जंतू. सूक्ष्मदर्शकातून बघ, द्राक्षाच्या घडासारखे दिसतील."

शकूनं पाहिलं. खरंच द्राक्षं! जांभळी! एवढं सुंदर काही आपल्या कोपरात राहतं, याचा तिला जरा अभिमानच वाटला. यशोदा मात्र मागच्या मागे सरकली. "मला नको. माझ्याकडे बघतील."

"आता तुझा प्रश्न," बाई स्टुलावर बसत म्हणाल्या. "पेनिसिलिन हे यांच्यावरचं मोठं संकट. पुष्कळसे मरतात. पण काहींजवळ एक युक्ती आहे. पेनिसिलिन तोडणारा एक पदार्थ ते करू शकतात. कात्रीच म्हण. ती कात्री कशी करायची याची सूचना त्यांच्या आत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असते. तिला म्हणायचं जीन. आणि गंमत ही, की ही सूचना ते रोज उघडत नाहीत. एरवी कात्री करतात ती अगदी नावापुरती. पेनिसिलिनचा जरा स्पर्श झाला की भराभरा करायला लागतात. पेनिसिलिन गेलं की पुन्हा बंद."

"पण बंद का? करून ठेवावी की कायमची. हाताशी असलेली बरी."

"मेहनत पडते ना. जेवढी ताकद कात्रीत जाणार तेवढी वाढण्यातून कमी. सूचना कोण झाकून ठेवतं, कोण उघडतं, याच्यावर सध्या परदेशात लोक रात्रंदिवस डोकं लढवताहेत. आम्हालाही सगळं कुठे कळलंय?"

शकू गप्प झाली. शकू गप्प झाली म्हणजे काहीतरी मोठं शिजतंय, हे यशोदाला ठाऊक होतं.

"बाई," ती एकदम म्हणाली, "आमच्या आईचं असंच झालं होतं!"

"आईचं?"

"छप्पन साली हो, कर्फ्यू लागला तेव्हा. गिरगावात गोळीबार झाला, दुकानं बंद, दूध नाही, भाजी नाही, मासळी तर नाहीच. आणि आमच्याकडे परभूंच्या घरात मासळी नाही म्हणजे अप्पांचा चेहरा बघवत नाही. तर आईनं काय काय काढलं! सुक्या जवळ्याचं पिठलं, कुळथाचं कळण, गुळाचा कोरा चहा. तिनं ते आधी कधीच केलं नव्हतं. मी विचारलं, आई, तुला हे येतं कुठून? तर म्हणाली, सासूबाई लढाईच्या दिवसांत करायच्या ते बघितलं होतं. डोक्यात होतंच गं, लागलं नव्हतं म्हणून निघालं नव्हतं. आणि कर्फ्यू उठला, पापलेट आलं, की सगळं बंद! पुन्हा म्हणून कळण केलं नाही तिनं. मागितलं तरी नाही. म्हणते, आता कशाला तो खटाटोप?"

मृणालिनीबाई हसल्या. या वेळी डोळ्यांतलं हसू ओठांपर्यंत आलं. "शकुंतला, मी हे माझ्या व्याख्यानात घेणार. तुझ्या आईची परवानगी आण."

मग काय विचारता! शकूला आणखी चेव चढला. तिनं कोपर पुढे केलं, गळू दाखवलं, आणि विषय आलाच आहे तर म्हणून अप्पांच्या ट्यूबची सगळी कथा रंगवून सांगितली. गॅलरीतली खुर्ची, आगपेटीची काडी, मुगाचा दाणा, एका ट्यूबमध्ये सबंध वाडी. बाई आता म्हणतील, 'वा, काय तुझे अप्पा!'

पण बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी कापसाच्या बोळ्यानं गळवाच्या तोंडावरचं जरासं पुसून घेतलं आणि एका नव्या बशीवर रेघा ओढल्या. "पुढच्या शनिवारी ये. मग बोलू."

पुढच्या शनिवारी टेबलावर दोन बशा शेजारी शेजारी होत्या. दोन्हींच्या मधोमध पेनिसिलिनमध्ये भिजवलेली कागदाची टिकली. पहिल्या बशीत टिकलीभोवती स्वच्छ मोकळं रिंगण. तिथे एकही जंतू नव्हता.

"हे आमच्याकडचे जुने जंतू. प्रयोगासाठी वर्षानुवर्षं जपलेले. त्यांच्याजवळ कात्री नाही," बाई म्हणाल्या. "आणि हे तुझ्या कोपरातले."

दुसऱ्या बशीत रिंगणच नव्हतं. सोनेरी ठिपके टिकलीच्या पार कडेपर्यंत येऊन, तिला खेटून बसले होते. जत्रेत पाळण्याला माणसं खेटतात तसे.

शकूला आधी हसू आलं आणि मग ते मध्येच अडकलं.

"म्हणजे मलम..."

"भरपूर मलम, पुरेसे दिवस, डॉक्टरच्या सल्ल्यानं, तर गोष्ट वेगळी. पण मुगाच्या दाण्याएवढं? त्यानं दुबळे तेवढे मरतात. कात्रीवाले जागे होतात, तगतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेच वाढतात. मग तेच एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातात."

"अर्ध्या तासाचा कर्फ्यू," शकू हळूच म्हणाली. "रोज अर्धाच तास कर्फ्यू लावला तर कुणाचं काय बिघडेल? उलट सगळे शहाणे होतील. डबे भरून ठेवतील."

"अगदी बरोबर."

यशोदाला एवढंच कळलं की परतीच्या ट्राममध्ये शकू एक अक्षर बोलली नाही. "काय गं, मेलं बिलं कोण?" तिनं विचारलं. शकूनं नुसतं खिडकीबाहेर पाहिलं. लालबागला पोरं विजेच्या खांबाला पताका बांधत होती. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे आता पक्कं झालं होतं, मे उजाडायचीच खोटी होती. गिरण्यांच्या भिंतींवरच्या जुन्या घोषणांवर नवा रंग चढत होता.

ती वाडीत शिरली तर तिथे वेगळाच गलका. खालच्या चौकात वाडीच्या मंडळाचे मनमोहनकाका खुर्चीवर चढून ओरडत होते. "ठरलं! तीस तारखेला संध्याकाळी सभा, नंतर रोषणाई, आणि अप्पांचा सत्कार! शाल आणि नारळ!"

"अहो, माझा कशाला?" गॅलरीतून अप्पांचा बारीक आवाज.

"कशाला म्हणजे? छप्पन साली या कुशाबाचा पाय कुणी वाचवला?"

कुशाबा तळमजल्यावरच्या खोलीत राहायचा, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. तो खालूनच गरजला, "अप्पांनू, गप बसा तुमी! तुमचो हात नसतो तर माझो पाय खय असतो?"

खरं होतं ते. गोळीबाराच्या दिवशी पळापळीत कुशाबाच्या पोटरीत पत्रा घुसला होता. बाहेर कर्फ्यू, दवाखाना बंद. अप्पांनी त्याला आत घेतलं, जखम धुतली, मलमपट्टी केली. अप्पा कधी मोर्च्याला गेले नाहीत, कधी घोषणा दिली नाही. कचेरीत साहेब विचारतील म्हणून छातीला बिल्लासुद्धा लावला नाही. सगळ्या चळवळीत त्यांचं म्हणून काही असेल तर ते एवढंच. आणि तेव्हापासून ही ट्यूब.

शकू जिन्यातच बसली. आता कसं सांगायचं? सांगितलं तर अप्पांचं तेवढंसं जे आहे ते जाणार. नाही सांगितलं तर वाडीतलं प्रत्येक गळू आणखी शहाणं होणार.

पुढचे काही दिवस तिनं तोंड शिवून ठेवलं. अप्पा आरशासमोर भाषण पाठ करायचे. "सभ्य स्त्रीपुरुषहो, मी काय केलं? काहीच नाही," इथपर्यंत यायचे आणि घाम पुसायचे. आई स्वयंपाकघरातून हसायची. "अहो, मग पुढे तरी काहीतरी केलं म्हणा!"

आणि संध्याकाळी गॅलरीत रांग तशीच. कुशाबाच्या मानेवर गळू होतं. गेल्या वर्षी चार दिवस मलम लावल्यावर बसलेलं, यंदा हटेना. "अप्पांनू, ह्या येळी काय गुण येना नाय," तो मान चोळत म्हणाला.

अप्पांनी ट्यूब उजेडात धरून पाहिली. "हल्ली माल हलका येतो की काय? भेसळ असणार. काळच वाईट." मग ते शकूकडे वळले. "चल गं, कोपर दाखव. उद्या सत्कारात सगळ्यांसमोर मिरवायचंय, गळू घेऊन बसशील का?"

काडी पुढे आली. टोकावर मुगाचा दाणा. शकूनं हात मागे घेतला.

"नको, अप्पा."

"झोंबत नाही गं."

"झोंबत नाही म्हणूनच नको."

अप्पांनी काडी खाली केली. कुशाबा गेल्यावर शकूनं त्यांना आत नेलं, आईलाही बोलावलं, आणि सगळं सांगितलं. द्राक्षाचे घड, कात्री, झाकलेली सूचना, दोन बशा, न उमटलेलं रिंगण. आईच्या कळणाचं उदाहरण आलं तेव्हा आई म्हणाली, "अगं बाई, मला जंतूंच्या पंगतीला बसवलंस!" पण अप्पा हसले नाहीत. ते ट्यूब हातात फिरवत राहिले.

"म्हणजे हे मीच केलं," ते म्हणाले. "सबंध वाडीला."

शकू त्यांच्या पायाशी खाली बसली.

"मनमोहनला सांगतो, सत्कार नको," अप्पा उठायला लागले. "छप्पन सालचंही तसलंच असणार. कुशाबा नशिबानं वाचला."

"थांबा," आई म्हणाली. "तसलंच कसं? छप्पन साली तुम्ही मुगाचा दाणा लावला होता का? मी दिवा धरून उभी होते. सगळी ट्यूब पिळलीत त्याच्या पायावर! मी म्हटलं, उद्याला ठेवा थोडं, तर माझ्यावर ओरडलात. तुमच्या आयुष्यात तेवढे एकदाच ओरडलात. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतून जाऊन, दवाखान्याच्या कंपाउंडरला घरी गाठून दुसरी आणलीत आणि तीही संपवलीत. काटकसर नंतर आली तुमची."

शकू टुणकन उठून उभी राहिली.

"सगळी ट्यूब? रोज? जखम भरेपर्यंत?"

"भरेपर्यंत," अप्पा म्हणाले. "कर्फ्यू होता. दुसरं कोण येणार होतं मलम मागायला?"

"मग तो पूर्ण कर्फ्यू होता, अप्पा! जंतूंचासुद्धा! तेव्हा तुम्ही अगदी बरोबर केलंत. नारळ त्याचाच आहे!"

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की आईनं पदरानं उगीचच नाक पुसलं. त्यांनी ट्यूब कपाटात ठेवली, आत, अगदी मागे, जुन्या छत्रीच्या पलीकडे, आणि कपाट लावून घेतलं.

"ते ठीक आहे," मग ते नेहमीच्या भित्र्या आवाजात म्हणाले. "पण लोकांना काय सांगायचं? परवा संध्याकाळी पुन्हा रांग लागणारच. मी म्हणणार, मलम बंद. ते म्हणणार, शाल मिळाली आणि अप्पा बदलले! मला ते कात्री-बित्री काही सांगता येणार नाही. मला तर 'काहीच नाही'च्या पुढे येत नाही."

"कुशाबा तर भांडायलाच उठेल," आई म्हणाली. "आणि मनमोहनभाऊजी तर खुर्चीवरच चढतील."

खाली चौकात कुणीतरी कंदील टांगून बघत होतं. लाल, मग पिवळा, मग पुन्हा लाल उजेड भिंतीवर हलत होता. शकूनं कोपरावरचं गळू चाचपलं. होतं तिथेच होतं, आणि आता तिला त्याचा राग येत नव्हता.

"अप्पा, आई, ऐका," ती म्हणाली. "नारळ अप्पांनीच घ्यायचा आणि छप्पनचं भाषणही त्यांनीच करायचं, येतं तेवढं. त्यानंतर कर्ण्यासमोर मी उभी राहणार. मलम का बंद, गळवाला शेक कसा द्यायचा आणि दवाखान्यात कधी जायचं, ते सगळ्या वाडीला मी सांगणार. कुशाबाकाका भांडले तर मी भांडेन. आणि अजून एक. जूनमध्ये नववीला गृहशास्त्र घ्यायचं म्हणून तुम्ही ठरवलंय ना? ते मी घेत नाहीये. मी शास्त्र आणि बीजगणित घेतेय. आणि हे विचारत नाहीये हं मी, सांगतेय."